हजेरीच्या वहीतली नावं

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढा पैसा आणला कुठून?" तेवढ्यात रेंज गेली. तसंही हे फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

मंडळीतल्या लेकरांच्या शिबिराच्या जागेवरचा मोठा हॉल उभा राहिला. सेंट्रिंग उतरलं, आता प्लास्टर चालू आहे. मुलींची न्हाणीघरं आणि संडास मात्र सगळ्यात आधी पुरे केले, कारण मागच्या वेळी तंबूतल्या शिबिराला मुली पाठवताना आयांनी का-कू केली ती त्याचपायी. स्वयंपाकघरावर सध्या पत्रेच राहतील. पैसा म्हणशील तर थोडा मंडळीच्या दानातून आला, थोडा हंगामाच्या सणातून. उपासनेनंतरचा तो अंड्याकोंबड्यांचा, ज्वारीच्या पायल्यांचा लिलाव आठवतो ना? यंदा एक भोपळा जो घेई तो परत वेदीजवळ नेऊन ठेवी, की पुन्हा बोली सुरू! पण पैशानं सिमेंट आणि सळई येते. बाकीचं माणसांनी केलं, आणि मला त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

बायबलातला नहेम्याचा तिसरा अध्याय काढून बघ. यरुशलेमेचा तट कुणी कुठं बांधला, त्याची नुसती नावं. वसतिगृहात संध्याकाळच्या वाचनाला हा अध्याय ज्याच्या वाट्याला यायचा तो रडकुंडीला यायचा. आज मला तो फार जवळचा वाटतो. त्यात सोनार आहेत, अत्तर करणारे आहेत, आणि शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या लेकींना घेऊन कामाला लागलाय. देवानं त्या मुलींचं राबणंसुद्धा विसरू दिलं नाही. म्हणून मीही हजेरीची वही ठेवलीय. कुणाला मजुरी द्यायची नाही, पण रात्री ती उघडतो आणि एकेक नाव घेऊन देवाचे उपकार मानतो.

एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका त्यात आहेत. उन्हात उकिडवे बसून त्यांनी सळयांना तारा बांधल्या. रात्रपाळी करून थेट साइटवर येणाऱ्या नर्सबाई आहेत. महिला मंडळातल्या निम्म्याजणी शेतमजूर, एक दिवस इकडं आल्या की तिकडचा रोज बुडतो. तरी त्या आल्या.

पायाचं तुला सांगायलाच हवं. नकाशावर तू बजावून लिहिलं होतंस, मुरूम लागल्याशिवाय थांबू नका. इथली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंती तडकवते. तरुण संघाची पोरं पुरुषभर खाली गेली तरी काळीच माती. पाळकसाहेबसुद्धा गप्प झाले होते. मग पिवळट मुरूम लागला, टिकाव आत जाईना, आणि पोरांनी खड्ड्यातच भजन धरलं!

स्लॅबच्या दिवशी काम मध्ये थांबवता येत नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मिस्त्रींनी बिस्मिल्ला म्हणून पहिलं घमेलं टाकलं, आणि वाळूच्या ढिगापासून मिक्सरपर्यंत माणसांची रांग लागली. मधेच एक मावशी, कमरेत वाकलेल्या. डोक्यावर पदराची चुंबळ, हातांना सिमेंट लागून सालटी निघालेली. मी म्हटलं, "मावशी, सावलीला बसा." तर म्हणाल्या, "माझी नातवंडं ह्याच्याखाली निजायचीत. माझा हात नको लागाया?" मला पुढं बोलता येईना.

आणि पाणी! ओल्या स्लॅबवर दोन-दोन आठवडे पाणी राखायचं, तेही मे महिन्यात. आपलं बोअर गुळण्या टाकत होतं. शेजारचे शेतकरी भाऊ माळकरी आहेत, दरसाल पंढरीला जातात. शेतीची वीज रात्रीची, म्हणून ते रात्री उठून आपल्या विहिरीवरची मोटर चालू करून आमची टाकी भरून द्यायचे. त्यांच्या स्वतःच्या जनावरांचा घास, म्हणजे हिरवा चारा, सुकत होता. मी मागायला गेलो नव्हतो रे. वहीत त्यांचं नाव आहे आणि रोजच्या प्रार्थनेतही.

धीर सुटायला लागला की मला दौंडजवळचं केडगाव आठवायचं. दुष्काळातून आणलेल्या मुली १८९७ साली प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईनात, तेव्हा पंडिता रमाबाई त्यांना केडगावच्या शेतावर घेऊन गेल्या. त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमाच्या इमारती मागाहून झाल्या. लेकरं आधी, भिंती नंतर. आपलंही तसंच चाललंय, आणि ज्यानं एवढी माणसं धाडली तो पुढचंही बघेल, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

तुझं नाव वहीत पहिल्या पानावर आहे. नकाशाचे पैसे तू घेतले नाहीस, वर दर रविवारी फोनवर माझी बडबड ऐकून घेतलीस. मित्रा, तुझे मनापासून आभार.

वीजजोडणीचं काम अडलंय, त्यासाठी प्रार्थना कर. दिवाळीच्या सुट्टीत पहिलं शिबिर आहे. वहिनींना आणि पोरांना घेऊन दोन दिवस आधीच ये, खिडक्यांना रंग द्यायचा राहिलाय. आणि ढोलकी विसरू नकोस, इथलीचं चामडं पार सैल पडलंय.

तुझाच,
राहुरीचा मित्र