बाबा, कॉम्प्युटर फॉरमॅट करू देऊ नका

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

अपडेट केल्यापासून कॉम्प्युटर का चालू होत नाही ते काल फोनवर नीट सांगता आलं नाही, रेंज सारखी जात होती आणि बाबा मधेच "माझ्याच हातनं गेलं सगळं" म्हणून गप्प झाले, त्यामुळं लिहूनच पाठवतीय. आई, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडनं याची प्रिंट काढून आण आणि कॉम्प्युटरसमोर ठेव, मोबाईलवर वर-खाली करत वाचायला लागलं की ओळ चुकते.

सगळ्यात आधी हे वाचा. दुकानदार येऊन बघून गेला आणि म्हणाला हार्डडिस्क गेलीय, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, त्याला नको म्हणून सांगा. हार्डडिस्क गेलेली नाही. बाबांनी स्कॅन केलेली सगळी नाटकाची हँडबिलं, प्रॉम्प्टिंगच्या वह्या, जुने फोटो, सगळं आत जसंच्या तसं आहे. पण फॉरमॅट मारला तर मात्र ते खरंच जाईल आणि परत येणार नाही, कारण ती डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, म्हणजे आतलं सगळं कुलूपबंद आहे, आणि ते कुलूप उघडायची माहिती डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवलेली असते. ती पुसली गेली तर पासवर्ड माहीत असूनही कुणाला काही काढता येत नाही.

आणि बाबा, तुमच्या हातनं काही गेलेलं नाही. तुम्ही अपडेटचं बटण दाबलं ते बरोबरच केलं, मीच सांगितलेलं की ढालीच्या चित्रावर लाल ठिपका आला की दाबायचं.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून ओळ न् ओळ वाचला. खालच्या बाजूला लिहिलंय कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक, आणि पुढं कंसात दोन शून्यं. दिसायला भयंकर आहे पण त्यातनं बरंच कळतं. आपल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या ऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम आहे, कर्नल म्हणजे त्या लिनक्सचा गाभा, 1991 मधे हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं लिहायला घेतला आणि अजून जगभरची माणसं लिहितायत तो हाच. तो आधी डिस्कवरनंच वाचला जातो. आता स्क्रीनवर ही तक्रार छापतोय कोण, तर तोच कर्नल! म्हणजे तो डिस्कवरनं व्यवस्थित वाचला गेला, चालू झाला, आणि पुढच्या पायरीवर अडला. डिस्क मेलेली असती तर गोष्ट इथपर्यंत आलीच नसती. दुकानदारानं ही ओळ वाचलीच नाही असं मला वाटतं, आणि याचा मला खरंच राग आलाय.

अडला कुठं ते सांगते. बाबा, नाटकाचा पडदा वर जायच्या आधी विंगेतली माणसं सेट लावतात, दिवे बघतात, मग पहिली घंटा होते ना, तशी कर्नलबरोबर एक फाइल असते, इनिटरॅमएफएस. डिस्कचे ड्रायव्हर म्हणजे डिस्कशी बोलायचे छोटे प्रोग्राम, कुलूप उघडायचा प्रोग्राम, हे सगळं तिच्यात असतं आणि ती आधी मेमरीत येते, मग तिच्या मदतीनं खरी डिस्क उघडते. प्रत्येक कर्नलची आपली वेगळी. नव्या कर्नलसाठी ती फाइल तयारच झाली नाही, त्यामुळं नवा कर्नल आला आणि विंगेत कुणीच नव्हतं, डिस्क कुठंय हेच त्याला कळेना.

याचा पक्का पुरावा आईच्या बोलण्यात होता. आई, तू सहज म्हणालीस की "यावेळी त्यानं पहिला पासवर्ड विचारलाच नाही गं", तिथंच मला उलगडलं. तो पासवर्ड विचारणारा प्रोग्राम त्याच फाइलमधे असतो. फाइल नाही म्हणून पासवर्डची पट्टीच आली नाही. तुला वाटतं तुला यातलं काही कळत नाही, पण दुकानदाराच्या नजरेतनं सुटलं ते तू बरोबर टिपलंस.

फाइल का झाली नाही, तर बहुतेक जागा संपली. डिस्क एन्क्रिप्ट केली की इन्स्टॉल होतानाच बूट नावाचा एक छोटा कप्पा बाहेर, कुलपाशिवाय ठेवला जातो, कारण कर्नल तरी आधी वाचता यायला हवा. कर्नलची एक फाइल साधारण 10-15 एमबीची असते पण ही दुसरी 70-80 एमबी, कधी त्याहूनही मोठी. अपडेट येत राहतात, जुने कर्नल तिथंच पडून राहतात, कप्पा भरतो आणि नव्याची फाइल अर्ध्यात थांबते. अपडेट चालू असताना खाली "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" असं येऊन गेलं असणार, ते इतक्या भरभर जातं की मी समोर बसले असते तरी दिसलं नसतं.

आता काय करायचं. चांगली गोष्ट ही की लिनक्स मिंट नवा कर्नल टाकताना जुना काढत नाही, आधीचा चालणारा कर्नल त्याच्या फाइलसकट तिथंच आहे. तोच निवडून चालू करायचा. आई, की तू दाब, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झालेत, त्यांनी स्क्रीनकडं टक लावून बसायचं नाही, त्यांनी फक्त हा कागद मोठ्यानं वाचायचा.

पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरून कॉम्प्युटर पूर्ण बंद कर. परत चालू कर. कंपनीचं चित्र येऊन गेलं की एस्केपची की, डावीकडची सगळ्यात वरची, एकदाच दाब. बऱ्याचदा आधीची सुरुवात फसली असेल तर मेनू आपोआपच येतो आणि थोडा वेळ थांबतो, मग काहीच दाबायला नको. काळ्या स्क्रीनवर दोन-तीन ओळींचा मेनू दिसेल, त्याला ग्रब म्हणतात. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूच्या ऐवजी नुसतं ग्रब असं लिहिलेलं आणि पुढं कर्सर येतो, घाबरू नका, कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून पुन्हा सुरुवात करा, यात काहीही बिघडत नाही.

मेनूत दुसरी ओळ ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर लिनक्स मिंट अशी आहे. खालच्या बाणानं तिच्यावर जाऊन एंटर. आत आणखी ओळी दिसतील, नवा कर्नल सगळ्यात वर, त्याच्याखाली त्याचाच रिकव्हरी मोड, मग तिसऱ्या ओळीवर त्याच्या आधीचा कर्नल. ही तिसरी ओळ आपली. तिच्यात रिकव्हरी हा शब्द नाही एवढं बघून घे आणि एंटर दाब. थोडा वेळ गेला की नेहमीची पासवर्डची पट्टी येईल, आणि ती आली की समजायचं जिंकलो. पासवर्ड मी इथं लिहीत नाही, तुला माहीत आहे कुठं लिहून ठेवलाय.

चालू झालं की आधी मला फोन करा, मग चहा घ्या, आणि मग दुसरं काहीही करायच्या आधी बाबांचं "रंगभूमी" नावाचं फोल्डर मोठ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. हे मी विनवून सांगतीय. 2019 च्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 ची, आणि आपल्या गावभागातल्या घरात ट्रंकेतली ती हँडबिलं भिजली तेव्हा बाबांनी एकेक कागद पंख्याखाली सुकवला, मग वर्षानुवर्षं बसून स्कॅन केला. काही मूळ कागद तर आता उरलेलेच नाहीत, फक्त स्कॅन आहेत. विष्णुदास भाव्यांच्या गावात 1843 पासून जे नाटक चालत आलं त्यातला एवढासा तुकडा आपल्या घरात आहे आणि तो एकाच डिस्कवर असावा हे मला पटत नाही. एक पेनड्राइव्ह घरात, एक मिरजेला मावशीकडं.

कॉपी झाली की मग दुरुस्ती. लाइट जाणार नाही अशी वेळ बघा किंवा इन्व्हर्टर चार्ज आहे का बघा, ही फाइल तयार होत असताना बंद पडायला नको. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि पहिल्यांदा डीएफ, स्पेस, हायफन एच, स्पेस, स्लॅश बूट असं टाइप करा. इंग्रजी स्पेलिंग मी व्हॉट्सॲपवर वेगळं पाठवलंय, ते बघून अक्षर न् अक्षर तसंच. उत्तरात टक्क्याचा आकडा येईल, तो 100 किंवा त्याच्या जवळ असला तर माझा अंदाज बरोबर. कमी असला तर तिथंच थांबा आणि फोटो पाठवा, मग कारण दुसरं आहे. यूनेम हायफन आर टाकलं की आत्ता कोणता कर्नल चालू आहे त्याचा नंबर येतो, तो बाबांनी कागदावर लिहून ठेवायचा, तो कर्नल अजिबात काढायचा नाही.

मग टर्मिनल बाजूला ठेवून अपडेट मॅनेजर उघडा, वर व्ह्यू मधे लिनक्स कर्नल्स आहे. कर्नलची यादी येते, चालू असलेल्यापुढं ॲक्टिव्ह लिहिलेलं असतं. ज्यांच्यापुढं इन्स्टॉल्ड आहे त्यातले सगळ्यात जुने दोन-तीन काढून टाका. ॲक्टिव्ह असलेला आणि सगळ्यात नवा, हे दोन राहू देत. काढताना काही एरर आली तर पुढं जाऊ नका, तसाच फोटो काढून पाठवा, अर्धवट अडकलेल्या अपडेटमुळं तसं होऊ शकतं, मी लांबनं जोडून करते.

जागा झाली की परत टर्मिनल, सुडो डीपीकेजी, मग दोन हायफन आणि कॉन्फिगर, मग हायफन ए. अर्धवट राहिलेलं काम यानं पुरं होतं, आणि बहुतेक ती नसलेली फाइल इथंच तयार होते, जनरेटिंग असा शब्द येऊन स्क्रीन काही वेळ तशीच राहील, हात लावायचा नाही. एलएस स्लॅश बूट टाकलं की यादीत आयएनआयटीआरडीनं सुरू होणारी नावं, म्हणजे त्याच इनिटरॅमएफएसच्या फाइली, दिसतील, त्यात नव्या कर्नलचा नंबर आला का बघा. नसेल तर अपडेट इनिटरॅमएफएसची कमांड पाठवलीय तिच्यात हायफन सी, हायफन के आणि नव्या कर्नलचा पूर्ण नंबर टाकायचा. शेवटी सुडो अपडेट ग्रब, आणि मग रिस्टार्ट, यावेळी एस्केप वगैरे काही न दाबता.

बाबांचा प्रश्न राहिला. "चांगलं चाललेलं बदलायचं कशाला, अपडेटच बंद करून टाक." बाबा, तसं नको. कर्नलमधे सापडलेल्या फटी बुजवायला हे अपडेट येतात आणि तुम्ही त्याच कॉम्प्युटरवरनं पेन्शनचं बघता, बँकेचं बघता. बंद करण्यापेक्षा अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमधे ऑटोमेशन आहे, तिथं जुने नको असलेले कर्नल आपोआप काढायची सोय आहे, ती चालू करून ठेवूया म्हणजे कप्पा असा भरणार नाही. शिवाय टाइमशिफ्ट पण लावून देते, बिघडलं तर सिस्टीम आधीच्या दिवसावर नेता येते. पण टाइमशिफ्ट सिस्टीम सांभाळतं, तुमच्या फाइली नाही, म्हणून पेनड्राइव्ह लागणारच.

शेजारच्या पोराच्या कॉम्प्युटरला मागं काळी स्क्रीन आली होती तसलं हे नव्हे हं, त्याचा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बनला नव्हता. आपल्याला तसलं कार्डच नाही, त्यामुळं त्यानं सांगितलेले उपाय करत बसू नका.

5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या प्रदर्शनात बाबांना ते स्कॅन द्यायचे आहेत हे मला ठाऊक आहे, आणि ते वेळेत मिळतील. मंडळाला आत्ताच नाही म्हणून कळवू नका. समजा यातलं काहीच चाललं नाही तरी मी पेनड्राइव्हवर मिंट घालून घेऊन येते, त्यावरनं कॉम्प्युटर चालू करून, पासवर्ड टाकून आतल्या फाइली काढता येतात. तेवढ्यासाठी नागपूरहून रात्रीची गाडी पकडून यायला मला काही त्रास नाही.

बाबा, डोळ्यात थेंब वेळेवर घाला. आई, तू उपासाच्या दिवशी हे करायला बसू नकोस, दोघं जेवून निवांत बसा.

तुमची,
मनू

ता. क. स्क्रीनचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, मागच्या फोटोत मधोमध पांढरा डाग आलाय आणि नेमका कर्नलचा नंबर त्याखाली गेलाय. आणि तो दुकानदार परत आला तर त्याला चहा द्या, पण कॉम्प्युटर दुकानात नेऊ देऊ नका.