शहरातील मसाज आणि गावाकडचे शरीर

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कापसाची शेवटची वेचणी आटोपली आणि तूर घरात आली की नागपूर-पुण्याला नोकरीस असलेली मुले गावाकडील आईवडिलांना चार दिवस आपल्याकडे बोलावून घेतात. अलीकडे या पाहुणचारात एखाद्या स्पामधील मसाजचे कूपनही हातात ठेवले जाते. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. सारा हंगाम वाकून राहिलेल्या कमरेला कोणाचा तरी हात लागावा, एवढेच त्याला वाटते. पण कूपन देणारा मुलगा ऑफिसला निघून जातो आणि काउंटरवर इंग्रजी नावांच्या तक्त्यासमोर उभ्या असलेल्या वडिलांना त्यातून एक नाव निवडायचे असते. ही निवड ग्रामीण माणसाने कशी करावी आणि ती नीट व्हावी म्हणून स्पाचालकांनी काय करावे, याविषयी आपल्या दैनिकातून दोन शब्द मांडावेत, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे मालिश नवे नाही. न्हाव्याची चंपी, आखाड्यात पहिलवानाची रगडपट्टी, बाळंतिणीला आणि बाळाला दाईच्या हातचे तेल, दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान हे सारे विदर्भातील खेड्यांना ठाऊक आहे. तीळ, खोबरेल, आणि पूर्वेकडे गडचिरोलीच्या बाजूला मोहाच्या बियांचे टोळीचे तेलही अंगाला लावले जाते. अडचण वेगळीच आहे. ओळखीच्या माणसाच्या हाताखाली आपण बिनदिक्कत सांगतो, ‘इथे नको, इथे हळू.’ काचेच्या दाराआड, मंद दिव्याच्या आणि थंड हवेच्या खोलीत तोच माणूस संकोचाने गप्प राहतो. निम्मे त्रास या संकोचातून होतात, असे माझे निरीक्षण आहे.

पाश्चात्त्य पद्धतीच्या मसाजमध्ये मूळ प्रकार म्हणजे स्वीडिश मसाज. त्याचे श्रेय स्टॉकहोम येथे १८१३ मध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढणारे पेर हेनरिक लिंग यांना सर्रास दिले जाते. प्रत्यक्षात आज शिकवल्या जाणाऱ्या हातांच्या हालचालींची मांडणी आणि त्यांची फ्रेंच नावे ॲमस्टरडॅमचे डॉक्टर योहान गेओर्ग मेझगर यांच्याकडे जातात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मला यातली मौज अशी वाटते की, मालिशीचा धागा तिकडेही व्यायामशाळेतच सापडतो. आपल्या अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या प्रदेशातील माणसाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

स्वीडिश मसाजमध्ये हलके तेल लावून तळव्याने लांब सरळ फिरवणे, बहुधा हातापायांकडून हृदयाच्या दिशेने, ही पहिली क्रिया असते. त्यानंतर स्नायू कणकेसारखे मळणे, बोटांनी एका जागी गोल घासणे, हाताच्या कडेने किंवा ओंजळीने हलके थोपटणे आणि शेवटी कंप देणे, असा क्रम साधारणपणे असतो. दाब हलका किंवा मध्यम ठेवतात. माणूस मेजावर पालथा झोपतो, चेहऱ्यासाठी मेजाला गोल खाच असते आणि अंगावर चादर असते. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा करून लगेच झाकला जातो. हे झाकणे नियमाचा भाग आहे, कोणी केलेला उपकार नव्हे. म्हणून चादर न देणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे. कपडे किती काढायचे हे आपण ठरवायचे असते. अंतर्वस्त्रे ठेवून मसाज घेता येतो आणि मसाज करणारी व्यक्ती स्त्री हवी की पुरुष हे आधीच सांगता येते. आमच्याकडील बायांनी तर हे फोनवरच विचारून घ्यावे, म्हणजे काउंटरवर चारचौघांत बोलण्याची वेळ येत नाही.

तक्त्यावर स्वीडिशच्या शेजारीच ‘डीप टिश्यू’ असते आणि बहुधा ते थोडे महाग असते. आपला शेतकरी येथेच फसतो. महाग आहे म्हणजे चांगले असणार, आणि जोरात रगडले म्हणजे पैसे वसूल झाले, हे दोन समज एकत्र येतात. डीप टिश्यूमध्ये तेल कमी वापरतात आणि बोटांच्या पेरांनी, कोपराने किंवा पुढच्या हाताने स्नायूंच्या खोल थरांवर सावकाश, नेटाचा दाब देतात. नियमित मसाज घेणाऱ्या, विशिष्ट जागी स्नायू आखडलेल्या आणि अन्यथा निरोगी माणसाला त्याचा उपयोग होत असेलही. मात्र तो घेतल्यावर एक-दोन दिवस अंग ठणकणे हे नेहमीचे आहे. ज्याला तिसऱ्या दिवशी गावी जाऊन पुन्हा विळा किंवा पंप हातात घ्यायचा आहे, त्याने हा ठणका विकत का घ्यावा? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकताना आपण आधी हाताने सूज चाचपतो, मग हळद-तूप लावतो आणि सुजलेल्या जागी अंगठा रुतवत नाही. स्वतःच्या खांद्याला तेवढी तरी दया दाखवायला हरकत नाही. प्रथमच जाणाऱ्याने साधा स्वीडिश मसाज, मध्यमपेक्षा हलक्या दाबाने आणि कमी वेळाचा निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दाब कमी वाटला तर वाढवून घेता येतो. जास्त झालेला मात्र परत काढता येत नाही.

गरम दगडांचा मसाज म्हणजे काळे, गुळगुळीत बेसाल्टचे दगड गरम पाण्यात तापवून पाठीवर ठेवणे. दख्खनच्या या काळ्या दगडावर आपण जन्मभर चाललो आहोत, तेव्हा त्याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. परंतु मधुमेह जुना असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल तर दगड किती तापला आहे हे माणसाला कळतच नाही आणि कातडी भाजते. मधुमेहींनी हा प्रकार टाळावा. सुगंधी तेलांच्या मसाजबद्दल एवढेच की, दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असणाऱ्यांनी बिनवासाचे तेल मागावे. शरीरातील ‘विषद्रव्ये बाहेर काढण्याचा’ दावा कोणत्याही प्रकारासोबत केला जात असेल तर तो हसून सोडून द्यावा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली त्याकडे येतो. मसाज सर्वांसाठी नाही. आयुर्वेदाने रोजच्या अभ्यंगाचा गौरव केला आहे, पण अजीर्ण झालेल्याने, कफविकार असलेल्याने आणि नुकतीच शोधनचिकित्सा (वमन, विरेचन यांसारखी शरीरशुद्धी) झालेल्याने तो करू नये, असेही तेथेच बजावले आहे. आधुनिक वैद्यकाची यादी अधिक लांब आहे. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल आणि दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्याने सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतते. अशा पायाला स्पात नव्हे, दवाखान्यात न्यावे. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराच्या दाबाने काळेनिळे डाग पडतात आणि आत रक्तस्राव होऊ शकतो. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा, हाडांचा ठिसूळपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ताप, गजकर्ण किंवा उघडी जखम यांपैकी काही असेल तरी आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर स्त्रीने तर विचारल्याशिवाय जाऊच नये.

यात आपल्या विदर्भासाठी एक खास भर घालावी लागते, ती सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत हा आजार अनेक कुटुंबांत आहे आणि केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू केले आहे. थंडी आणि शरीरातील पाण्याची कमतरता या दोन्हींमुळे सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो. स्पामध्ये नेमके हेच दोन्ही एकामागोमाग घडते. वातानुकूलित खोलीत पातळ चादरीखाली तासभर पडून राहायचे आणि मग वाफेच्या खोलीत घाम गाळायचा. शिवाय या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडण्याचे प्रमाण बरेच असल्याने कंबर-खुब्यावर कोपराचा दाब घेणे धोक्याचे ठरू शकते. मोठ्या शहरांतून आलेल्या साखळी स्पांच्या छापील अर्जांत रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण असे रकाने कधीकधी दिसतात. सिकलसेलचा रकाना मात्र मी कोठे पाहिलेला नाही. नागपूर, चंद्रपूर आणि गोंदिया येथील स्पाचालकांनी तो स्वतःहून जोडावा.

मानेबद्दलही लिहिले पाहिजे. मालिश संपताना मान एका झटक्यात फिरवून ‘कट्’ असा आवाज काढण्याची हौस गावातील सलूनपासून शहरातील पार्लरपर्यंत सर्वत्र आहे, आणि तो आवाज ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकालाही समाधान होत नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना अशा झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. स्वीडिश मसाजमध्ये या झटक्याला स्थान नाही. कोणी तो देऊ लागलाच तर आधीच हात वर करून नको म्हणावे, मग तो करणारा कितीही जुना आणि ओळखीचा असो.

आणखी एक गैरसमज दूर व्हावा. स्पामध्ये काम करणारी मुले-मुली मसाजचे प्रशिक्षण घेतलेली असतात, ती भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) नसतात. श्रमाने अंग आंबले असेल तर मसाजने काही काळ बरे वाटते आणि झोप चांगली लागते. मसाजची मजुरी तेवढ्यासाठीच असते. पण कमरेपासून पायात कळ जात असेल, मुंग्या येत असतील किंवा पायातील जोर कमी झाला असेल तर कूपन बाजूला ठेवून नागपूरचे ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथील रुग्णालय किंवा आपल्या जिल्ह्याचे शासकीय रुग्णालय गाठावे. तेथे आधी तपासणी होते आणि मग उपचार. सरकारी ठिकाणी खर्चही स्पाच्या तुलनेत नगण्य असतो.

पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांमुळे ‘स्पा’ हा शब्द उच्चारला तरी गावातील पारावर डोळे मिचकावले जातात. त्यात ईशान्येकडून पोटासाठी इतक्या दूर आलेल्या, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या मुली विनाकारण भरडल्या जातात. चांगली जागा ओळखणे फारसे कठीण नाही. दर दर्शनी भागात लावलेले असतात, आत जाण्यापूर्वी प्रकृतीची विचारपूस होते, चादर व टॉवेल धुतलेले असतात आणि पैशांची छापील पावती मिळते. पावतीवरील कर मात्र जरूर वाचावा, कारण सौंदर्य व शारीरिक स्वास्थ्याच्या सेवांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्याच दराने आकारणी होत असेल तर विचारणा करावी.

राहता राहिला तो तक्ता. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरीत पाटी लावणे बंधनकारक झाले. त्यामुळे स्पाचे नाव दारावर मराठीत आले, पण आत कोणत्या मसाजमध्ये काय करतात, दाब किती असतो, कोणी तो घेऊ नये, हे सारे इंग्रजीतच राहिले. कायदा पाटीपुरता आहे हे मला समजते. तरीही ज्याच्या अंगावर हात ठेवायचा त्याला त्याच्या भाषेत चार ओळी वाचायला देण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, एवढाच खर्च आहे. स्पाचालकांनी तो छापेपर्यंत कूपन देणाऱ्या मुलामुलींनी आईवडिलांसोबत काउंटरपर्यंत जावे, त्यांच्या गोळ्यांची नावे तेथे सांगावीत आणि ‘हलका दाब’ हे शब्द अर्जावर स्वतः लिहावेत.

आपणास विनंती अशी की, आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडून आणि सिकलसेलच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या एखाद्या डॉक्टरकडून या विषयावर लेख लिहवून घ्यावा; तो वेचणीच्या शेवटी, म्हणजे गावाकडची माणसे शहराची वाट धरण्याआधी, प्रसिद्ध झाल्यास अधिक उपयोगी पडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ