जवळ येऊ का, असं विचारणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

बांधावरून परत निघताना मी आभार मानायला तोंड उघडलं, तर ‘आभार कसले त्यात, ताई’ म्हणत तुम्ही विषयच संपवलात. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण न लिहिता राहणं मला जमणार नाही. अजूनही कुणाला हे सांगायला बसले की गळा दाटून येतो.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगायला हवं. माझं माहेर अलिबागजवळच्या खारेपाटातलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि जिताडा माशाची तळी, मध्ये मातीचा बांध. याच पट्ट्यातल्या कुळांनी 1933 ते 1939 या काळात खोतांविरुद्ध चरी गावचा शेतकरी संप चालवला, पिकवायच्या जमिनी सहा वर्षं पडीक ठेवल्या. आपल्या कष्टाचं भात आपल्या घरात यावं म्हणून आजोबा-पणजोबांनी उपास काढले, तीच ही जमीन. अमावास्येच्या उधाणाला तिच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं. खारं पाणी एकदा शेतात बसलं की ते मिठाचं ओझं पावसाने धुऊन जायला वर्षं जातात, तोवर भात धरत नाही. बांधावर उभं राहून समोरची खांड दिसते, पण पाणी कुठवर गेलं, कुणाची खाचरं बुडाली, ते दिसत नाही. त्यासाठी वरून फोटो हवे होते. पौर्णिमेचं उधाण तोंडावर होतं. गावात कॅमेऱ्याचा ड्रोन माझ्याकडे, लग्नाच्या कामांसाठी घेतलेला, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते.

आणि नेमका तो ड्रोन एका जागी थांबत नव्हता. मोटर बदलून दुकानातून नुकताच आणला होता. उचलला की माणसाच्या उंचीवर क्षणभर स्थिर राहायचा, मग गोल फिरायला लागायचा. रिमोटच्या दोन्ही काड्यांवरून अंगठे काढले तरी फिरणं थांबेना, उलट आधी परातीएवढा असलेला फेरा बघता बघता विहिरीएवढा व्हायचा. बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी आणि हा असा. कसाबसा हाताने ओढून खाली आणायचे.

दुकानात मी परत गेले. बरोबर भाऊ होता. काउंटरवरच्या माणसाने त्यालाच विचारलं, ‘उडवतं कोण?’ मी म्हटलं, मी. तरी पुढचा प्रत्येक प्रश्न भावालाच. मग माझ्या हातातला रिमोट काढून घेतला, ड्रोन गच्चीवर नेला आणि पाण्याच्या टाकीजवळ, लोखंडी जिन्याच्या अंगाला, सळ्यांनी भरलेल्या स्लॅबवर उभं राहून कंपास, म्हणजे ड्रोनला दिशा सांगणारं आतलं होकायंत्र, कॅलिब्रेट केला, नव्याने जुळवून घेतला. ‘झालं, आता नीट उडेल.’ तसाच फिरला. दुसऱ्या ठिकाणी डबा न उघडताच ‘बोर्ड गेलाय, नवीन घ्या’ असा निकाल मिळाला. आणखी एक जण फोनवर म्हणाले, खाडीवर वारा असतो, तुम्हाला सवय नसेल. गेली काही वर्षं याच किनाऱ्यावरच्या वाऱ्यात मी पोटापाण्याचं काम करते आहे. ते ऐकून घेण्याइतकी सवड त्या कुणालाही नव्हती. हे मला लागलं, आणि ते लपवायचं कारण मला दिसत नाही. पैसे घ्यायचे, काम करायचं नाही आणि वर समोरच्या बाईलाच काही येत नाही असं भासवायचं, याला मी धंदा म्हणत नाही.

तुमच्याबद्दल भावाच्या मित्राने सांगितलं. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत तुमची सारी नोकरी गेली, कंपासचं काही असेल तर काकांना विचारा, एवढंच. तुम्ही फोनवर एकच विचारलंत, ‘कॅलिब्रेट कुठे उभं राहून केलं होतं?’ मी गच्चीचं सांगितल्यावर ‘उद्या बांधावर येतो’ म्हणालात आणि आलात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. तुम्ही स्कूटर पार मागे, रस्त्यालाच लावलीत. पितळी डबीतलं छोटं होकायंत्र तळहातावर धरून बांधावरून चालत आलात, दर थोड्या अंतरावर थांबत, सुई बघत. उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दाराच्या, लोखंडी झडपांपाशी सुई कशी वळते ते आम्हाला बोलावून दाखवलंत. तिथून बरंच पुढे, नुसत्या मातीच्या बांधावर सुई शांत राहिली, तेव्हा ती जागा ठरवलीत. मी ड्रोन तिथे ठेवला. तुम्ही मात्र आला नाहीत. लांबच थांबलात. मनगटावरचं घड्याळ काढलंत, किल्ल्या काढल्यात, मोबाइल काढलात, कमरेचा पट्टा काढलात. चपलांना खिळे होते म्हणून चपला काढल्यात. शेवटी तारेच्या काडीचा चष्मा काढून रुमालात गुंडाळून त्या ढिगावर ठेवलात. आणि अनवाणी, डोळे किलकिले करत, तिथूनच मला विचारलंत, ‘ताई, आता जवळ येऊ का?’

मला पटकन उत्तर देता आलं नाही. काका, त्या यंत्रापाशी आतापर्यंत जो आला तो माझ्या हातातून ओढूनच घ्यायला आला होता. तुम्हाला त्यातलं त्यांच्या दसपट कळत होतं, वयाने तुम्ही माझ्या वडिलांसारखे, आणि तुम्ही परवानगी मागत होतात. यंत्र माझं आहे, ते उडवणारी मी आहे, हे तुम्ही गृहीत धरून आला होतात. आणि चष्मा काढल्यावर तुम्हाला स्क्रीनवरचं काही दिसणार नव्हतं, हेही तुम्हाला ठाऊक होतं. ‘वाचून दाखवा, मी ऐकतो,’ म्हणालात.

मला केसांतल्या पिना काढायला लावल्यात. मी मंगळसूत्राचं आणि बांगड्यांचं विचारलं, तर म्हणालात, सोनं आणि काच सुईला कळतसुद्धा नाही, राहू द्या. मी कॅलिब्रेशन सुरू करून रिमोट भावाकडे दिला, तो चार पावलं मागे सरून स्क्रीनवरचं मोठ्याने वाचू लागला. पिवळा दिवा लागल्यावर मी ड्रोन आडवा धरून स्वतःभोवती फिरले, हिरवा झाल्यावर नाक जमिनीकडे करून पुन्हा एक फेरी. तुम्ही फक्त ‘सावकाश, घाई नको’ म्हणत होतात. ड्रोनला तुम्ही बोटही लावलं नाहीत.

हे असं गोल का फिरायचं, ते इतकी वर्षं ड्रोन उडवूनही मला कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या दुकानात नाही की कुठल्या वर्गात नाही. तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. ड्रोनमधल्या मोटरा, तारा, स्क्रू यांचं स्वतःचं थोडं चुंबकत्व असतं, ते ड्रोनबरोबर फिरतं. पृथ्वीचं मात्र आपल्या जागी राहतं. सगळ्या बाजूंनी फिरवलं की काय आपल्याबरोबर फिरतंय आणि काय स्थिर आहे हे यंत्राला वेगळं काढता येतं, आणि आपलं ते वजा करता येतं. पृथ्वीचं चुंबकत्व मुळात फार क्षीण, त्यामुळे शेजारच्या सळ्या, टाकी, जिना हा हिशोब सहज बिघडवतात. गच्चीवर तेच झालं होतं. जिन्याचा खोटा हिशोब घेऊन ड्रोन बांधावर आला होता. वाऱ्याने जरा सरकला की जागेवर यायला निघायचा, पण दिशाच चुकीची मानत असल्यामुळे भलतीकडे जायचा, मग ते दुरुस्त करायला आणखी भलतीकडे. म्हणून ते वाढत जाणारे फेरे. बोर्ड बिचारा ठणठणीत होता.

मग उडवला. काका, तो जागेवर थांबला. वारा होता, तरी जागेवर थांबला. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून मी ओरडून सांगितलं आणि तुम्ही हसलात.

त्या फोटोंनी काय झालं ते तुम्हाला पूर्ण माहीत नसेल. मोठी खांड सगळ्यांना ठाऊक होतीच. पण कांदळवनाच्या मागे, जिथे चालत पोचता येत नाही, तिथे दुसरी लहान खांड निघाली. वरून पाण्याची बारीक चकाकती रेघ आत येताना दिसली. गावाने फक्त मोठी बुजवली असती तर पाणी तिथून येतच राहिलं असतं. लोकांनी होडीतून चिखल आणि दगड नेऊन दोन्ही बुजवल्या. पौर्णिमेचं उधाण येऊन गेलं, तात्पुरत्या कामाने ते तेवढ्यापुरतं तोललं. पक्क्या बांधाच्या अर्जाला ते फोटो जोडले आहेत. ज्यांच्या खाचरांत पाणी नव्याने शिरलं नाही त्या घरांतल्या बायका मला विचारतात, ते काका कोण होते?

त्यांना मी तुमच्या वेधशाळेची गोष्ट सांगते. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. 1859 मध्ये सूर्यावरून आलेलं ते प्रचंड चुंबकीय वादळसुद्धा तिथे टिपलं गेलं. पुढे शहरात विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या. त्यांच्या विजेने नोंदी नासल्या असत्या, म्हणून नानाभॉय फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली 1904 मध्ये हे काम अलिबागला आलं, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतींत. लहानपणापासून त्या आवारावरून मी कितीदा गेले असेन, पण आत काय चालतं ते माहीत नव्हतं. एका सुईला त्रास होऊ नये म्हणून माणसांनी शहर सोडलं आणि नोंदींची साखळी तुटू दिली नाही. रोज आत जाताना खिसे रिकामे करायचे, अंगावर लोखंड ठेवायचं नाही. त्या नोंदी कोण घेतो हे गावालाही माहीत नसतं, शाबासकी द्यायला कुणी येत नाही. तरी चूक आत शिरू द्यायची नाही. तुमचा चष्मा काढणं तिथून आलं असणार असं मला वाटतं. यंत्राशी इतकं नीट वागणारा माणूस माणसाशीही तसाच वागतो, हे मी तुमच्यात पाहिलं. अशी माणसं आपल्या आजूबाजूला असतात, कुठल्याशा गल्लीत निवृत्त होऊन, बागेला पाणी घालत बसलेली. आपण मात्र काचेच्या काउंटरपाशी रांगेत उभे राहतो.

आता एक मागणं आहे. पावसाळ्याआधी सगळ्या खारबंदिस्तीचं वरून चित्रण करून ठेवायचं गावाने ठरवलंय, म्हणजे पुढच्या वेळी बांध कुठे खचतोय ते आधी कळेल. गावातल्या दोन मुली माझ्याकडे ड्रोन शिकायला येतात. कंपास त्यांना तुम्ही शिकवावा असं मला वाटतं. पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, पण जेवायला नाही म्हणू नका. आई म्हणाली आहे, काका येणार असतील तर आदल्या दिवशी सांग, तळ्यातला जिताडा काढून ठेवते. चष्मा ठेवायला घरून लाकडी डबी आणेन. कधी जमेल ते भावाला फोन करून कळवा.

तुमची,
बांधावरची ताई