घरून काम करणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

सगळ्यात आधी ‘आयटी विभागातून बोलतोय’ अशा फोनबद्दल. टीम वेगवेगळ्या शहरांत विखुरलेली असली की आयटीतल्या माणसाचा आवाज कुणाच्या ओळखीचा नसतो आणि भामटे नेमका त्याचाच फायदा घेतात. ते एनीडेस्कसारखं, दुसऱ्याला तुमचा लॅपटॉप किंवा मोबाइल दुरून चालवू देणारं ॲप टाकायला सांगतात, ओटीपी मागतात, घाई करतात. फोन सरळ ठेवून द्या आणि कंपनीच्या यादीतल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा. यात उद्धटपणा काहीच नाही. तुम्ही लॉगिन करत नसताना मोबाइलवर मंजुरीची विनंती आली, तर ती नाकारा, पासवर्ड बदला आणि ऑफिसला कळवा. वारंवार आली म्हणून वैतागून ‘होय’ दाबू नका.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणी केली नसेल, तर त्या लॅपटॉपवर ऑफिसचं काम करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्डही बदला. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी नोंद दिसली तर लगेच लॉगआउट करा.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त. कृपया संकोचापायी गप्प बसू नका. घरात कुणाशी बोलवत नसेल तर समितीतल्या कुणालाही फोन करा, रात्री उशिरा केलात तरी चालेल.

– समिती