घाटाच्या चित्रावर पुन्हा हात फिरवण्याआधी

ती. बाबा व सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, घाटाचं जुनं तैलचित्र पुन्हा इझलवर चढलंय म्हणे! चढू दे, पण आधी त्यावर व्हार्निश आहे का बघा. कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइन लावून कोपऱ्यात हलकेच फिरवा. बोळा नुसता पिवळट झाला, तर बहुधा जुनं डमार, म्हणजे झाडाच्या राळेचं व्हार्निश. ते उतरवूनच पुढे जा. नाहीतर उद्या कुणी व्हार्निश काढायला गेलं, की तुमचा नवा रंगही त्याबरोबर जाईल. बोळ्यावर निळं-हिरवं काही आलं तर चित्राचा रंगच सुटतोय, तिथेच थांबा.

डावीकडचं झाड काढून आभाळ मोकळं करायचंय ना? मग गडद रंगावर नुसता फिका चढवू नका. तैलरंग जुना होतो तसा पारदर्शक होत जातो आणि झाडाचं भूत आभाळातून डोकावायला लागतं. ब्रशचे जुने उंचवटेही तिरप्या उजेडात लपत नाहीत. कॅनव्हासमागे पुठ्ठा धरून ते पॅलेट नाइफने खरवडा, मग बारीक वॉटर पेपर जेमतेम ओला करून घासा. कोरडं नको, रंगातल्या विषारी कॅडमियमची पूड नाकात जाते.

आभाळ बदललं की काम तिथे संपत नाही. ढग आणलेत तर रस्त्यावरच्या कडक सावल्या जायला हव्यात, दरीतलं पाणीही करडं व्हायला हवं. आधी पारदर्शक प्लॅस्टिकची ओएचपी शीट चित्रावर ठेवून त्यावर रंगवून बघा.

जुना भाग मधूनमधून मेलेला, निस्तेज दिसत असेल. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं घेऊन चिंधीने लावा आणि लगेच पुसून घ्या. खरा रंग वर आला की मगच त्याच्याशी नवा जुळवा.

वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, पण थेंबाथेंबानेच. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा सरकत राहतो आणि भेगा पडतात. अमेरिकेतला अल्बर्ट पिंकहॅम रायडर (१८४७–१९१७) एकेका चित्रावर वर्षानुवर्षं काम करायचा: ओल्यावर थर, मध्ये व्हार्निश, कुठे बिटुमेन, म्हणजे डांबरासारखा रंग. त्याची कितीतरी चित्रं आज काळवंडून भेगाळलीत. चित्रं घ्यावीत त्याच्याकडून, कृती नाही! हाताला कोरडं लागलं म्हणजे आतून सुकलं असं नसतं. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ थरालाही दोन आठवडे द्या, आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग असेल तर आणखी. पावसाळ्यात तर घाई नकोच. आणि घाई झाली म्हणून वरून ॲक्रिलिक मुळीच नको, त्याचे पापुद्रे निघतात.

आई, सुकताना चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू देऊ नकोस, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. हॉलमध्ये उजेडात राहू दे, थेट ऊन तेवढं टाळ. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून डब्यातही टाकायचा नाही. तेल सुकताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाल्कनीतल्या दोरीवर एकेक सुटी पसरायची, कडक झाली की मग फेकायची. बाबांना हे दोनदा सांगावं लागेल!

तुमची लाडकी लेक