बी विचारता, डोळा का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोसंबीचा ट्रिस्टेझा हा विषाणूजन्य रोग खुंटाच्या बियातून येतो, अशी बोलवा सध्या आमच्या अंबड तालुक्यात आहे. मी रंगपूर लिंबू आणि जंभेरी या लिंबांच्या बियांपासून वाढवलेल्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, मोसंबीचे डोळे (कळ्या) भरून कलमं करते. कलमं न्यायला आलेले लोक ‘ताई, बी कुठलं?’ म्हणून खोदून विचारतात. डोळे ज्या काडीवरून काढतात ती डोळकाडी कोणत्या झाडाची, हे क्वचितच कुणी विचारतं. रोग तर तिच्यातून येतो.

ट्रिस्टेझाचा विषाणू झाडाचा अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. बियातल्या गर्भाशी त्या नळ्यांची जोडणीच नसते, म्हणून रोगट झाडाच्या बियाचं रोपही त्यापासून मुक्त निघतं. जंभेरीच्या एका बियातून दोन-तीन कोंब येतात, त्यातले बहुतेक आईच्याच पेशींचे, म्हणजे हुबेहूब आईसारखे. जुन्या रोगट वाणांची निरोगी झाडं करायला जगभर त्या वाणांचं असंच बी कामी आलं. अशा झाडांना काटे फार आणि फळ उशिरा, एवढंच.

डोळा रोगट असेल तर कलम पहिल्या दिवसापासून रोगट. पुढे बागेत मावा तो रोग या झाडावरून त्या झाडावर नेतो. एक्सोकॉर्टिस या डोळ्यातूनच येणाऱ्या दुसऱ्या रोगाची तऱ्हा वेगळी: तो चाकूनेही पसरतो आणि रंगपूरच्या खुंटाची साल सोलवटते. म्हणून मी प्रत्येक मातृवृक्षाच्या (ज्याची डोळकाडी घेतो त्या झाडाच्या) काड्या कापल्यावर चाकू ब्लीचच्या पाण्यात बुडवते. बघणारे हसतात, हसू देत.

सगळीच फळझाडं अशी नाहीत. चेरी, प्लमच्या बियातून काही विषाणू जातात. अ‍ॅव्होकॅडोचा सनब्लॉच हा रोग तर बियातून सर्रास जातो. आपल्याकडे ज्यांना आता अ‍ॅव्होकॅडो लावायची हौस आली आहे, त्यांनी कोय कुठली ते जरूर विचारावं.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात बागाच्या बागा वाळल्या. नंतर कलमांना इतकी मागणी आली की काहींनी दिसेल त्या झाडाच्या काड्या कापल्या. त्यातली काही झाडं आज पिवळी पडून वाळताहेत आणि बोल बियाला लागतोय. सगळीच मर ट्रिस्टेझाची नसते, मुळकुज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) हेही आहेतच. पण ते तरी तपासल्याशिवाय कसं कळणार?

कृषी विभागाला माझी विनंती एवढीच: रोपवाटिकांच्या मातृवृक्षांची ट्रिस्टेझासाठी दरवर्षी तपासणी व्हावी आणि कलमाच्या पावतीवर मातृवृक्षाचा क्रमांक लिहिणं सक्तीचं करावं. माझ्या रोपवाटिकेपासून सुरुवात केली तरी चालेल.

आपली,
एक रोपवाटिकाचालक, ता. अंबड, जि. जालना