आपल्या पुळणीचे फोटो हवेत! दिवेआगरच्या ग्रामस्थांचं आवाहन

गावातली मंडळी, मुंबई-पुण्याचे चाकरमानी, माहेरवाशिणी आणि आमच्या किनाऱ्यावर कधीतरी पाय भिजवून गेलेले पाहुणे, सर्वांना नमस्कार.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, किनाऱ्यावरची सुरूची झाडं मुळासकट पडली. बागांचे पंचनामे झाले, पुळणीचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याचा, मात्र झाला नाही. समुद्र किती आत आला, वाळू किती गेली, यावर आजही चार माणसं बसली की वाद होतो. एक म्हणतो पन्नास पावलं गेली, दुसरा म्हणतो सगळी परत आली. दोघंही मनापासून बोलतात, पण दाखवायला कुणाकडे काही नाही. आपल्याच गावात शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा मराठी ताम्रपट सापडला. साडेनऊशे वर्षांपूर्वीची अक्षरं टिकली, आणि वीस वर्षांपूर्वी पुळण कुठवर होती याची नोंद नाही, हे आम्हाला फार लागतं.

म्हणून ठरवलंय की किनाऱ्यावर दोन जागी स्टीलचे खांब रोवायचे आणि त्यांवर मोबाईल ठेवायला खाच करायची. जो येईल त्याने तिथे फोन टेकवायचा, फोटो काढायचा आणि तारीख-वेळेसह आमच्याकडे द्यायचा. जागा तीच, कोन तोच. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यांवर 2017 पासून असेच खांब आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काढलेल्या फोटोंवरून तिथले अभ्यासक किनारा पुढे-मागे किती सरकला ते मोजतात. उपग्रहाच्या चित्रांवरून आपल्या देशाच्या किनाऱ्याचाही अभ्यास झालाय; 1990 ते 2018 या काळात सुमारे एक तृतीयांश किनाऱ्याची धूप झाल्याचं त्यात दिसलं. पण आपल्या केवड्याच्या बनासमोर काय झालं, ते आपणच टिपायला हवं.

वेळ पाळणं सगळ्यात महत्त्वाचं. आपली पुळण सपाट, त्यामुळे पाणी थोडं चढलं तरी वाळूचा मोठा पट्टा झाकला जातो. भरतीचा फोटो ओहोटीच्या फोटोशेजारी ठेवला तर उगाच घबराट व्हायची. कोळी बांधवांचा हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी ओहोटी. म्हणून आम्ही दोन्ही पक्षांतली तृतीया धरली आहे. तृतीयेची पाऊणपट म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती, म्हणून सकाळी आठच्या सुमारास पाणी पार खाली गेलेलं असतं, आणि किनारा पश्चिमेकडे असल्याने उजेड पाठीमागून येतो.

पावसाळ्यातही खंड नको. आषाढ-श्रावणात लाटा वाळू ओढून नेतात, दसरा-दिवाळीनंतर समुद्र निवला की तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. हे दरवर्षीचं आहे. खरा प्रश्न, नेलेली सगळी परत येते का? त्यासाठी जुलैचा फोटो पुढच्या जुलैशी ताडून पाहावा लागेल, आणि असं काही वर्षं करावं लागेल. मर्यादावेल कुठवर पसरली आहे तेही फोटोत यायला हवं. पुळण कुठे धरून आहे आणि कुठे सुटतेय, ते ती वेल आधी सांगते.

आता मागणं. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही, म्हणून स्टेनलेस स्टील घ्यायचं आहे. दोन खांब, मजुरी आणि माहितीचे मराठी फलक मिळून 30,000 रुपयांचा अंदाज आहे. शंभर रुपयेही चालतील, प्रत्येकाला पावती मिळेल आणि हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवू. वेल्डिंगचं काम करणाऱ्या कुणी मजुरी सोडली, तर तीही देणगीच धरू.

पैशांहून अधिक गरज जुन्या फोटोंची आहे. लग्नाचे अल्बम, शाळेच्या सहली, शिमग्याला आलेल्या पाहुण्यांचे फोटो, जे असेल ते काढा. माणसांच्या मागे समुद्र, सुरूची रांग, एखादी विहीर दिसत असेल तर तो फोटो आमच्यासाठी सोनं आहे. साल नक्की आठवत नसेल तर "थोरल्याच्या मुंजीच्या वर्षी" एवढं सांगितलंत तरी आम्ही शोधून काढू. फोटोची प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत करू. घरच्या माणसांचे चेहरे तुमच्या परवानगीशिवाय कुठेही लावणार नाही.

शिवाय दर तृतीयेला न चुकता जाणारी माणसं हवीत. नववी-दहावीची मुलं आली तर फार बरं, कारण हे काम त्यांच्या मुलांपर्यंत चालायचं आहे.

पहिला फोटो नारळी पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला काढू. सकाळी साडेसातला पुळणीवर या, येताना जुना अल्बम पिशवीत नीट गुंडाळून आणा.

आपले,
दिवेआगरचे ग्रामस्थ